जॉइंटला ग्रीस, पाहुण्यांना नमस्कार

गाडीच्या सी. व्ही. जॉइंटला साधारण मूठभर ग्रीस लागतं. मी अर्धा किलो भरलं.

चेन्नईला बदली होऊन जेमतेम चार महिने झाले होते. त्या रविवारी आमच्या लेकीसाठी आलेल्या स्थळाकडची मंडळी पुण्याहून साडेअकराला सेंट्रलवर उतरणार होती. (मुलामुलीचे फोटो ई-मेलने गेले होते. आईबापांचे कोण मागतो!) आणि आमची गाडी दर वळणाला चाकातून कटकट करायची. पहिल्याच वळणावर स्थळ मोडायला नको, म्हणून मी गिंडीच्या सेल्वम मेकॅनिकला सकाळी वेलचेरीत घरीच बोलावलं. जॉइंटवर चढवायचा नवा रबरी बूट, तो आवळायला दोन पट्ट्या, ग्रीसचा डबा. यादीप्रमाणे सगळं हजर!

सेल्वमनं जॉइंट पुसून काढला, बूट दोन्ही हातांनी ताणून धरला आणि मला म्हणाला, "पोडुंगो, सार!"

पोडुंगो म्हणजे घाला. माझ्या तमिळ शब्दांच्या वहीत पहिल्याच पानावर! मी घातलं.

"पोदुम, सार."

पोडु, पोदु... एकाच क्रियापदाची रूपं असणार. आणखी घातलं.

"पोदुम, पोदुम!"

काय उत्साही माणूस! (आपल्याकडचे मिस्त्री कुठे एवढं प्रोत्साहन देतात?)

"अय्यो सार, पोदुम!"

"अरे, घालतोय ना बाबा!"

एवढ्यात वर बाल्कनीतून बायको ओरडली, "अहो, तो पुरे म्हणतोय! पोदुम म्हणजे पुरे! शेजारच्या मामी सांबार वाढतात तेव्हा मी हेच तर ओरडते!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

"मला वाटलं, गाडीतलं तुम्हाला कळतं!"

तोवर बूट भोपळ्यासारखा टम्म फुगला होता. सेल्वमनं पट्टी आवळायला घेतली मात्र, फच्च! जादा ग्रीस जिथून आलं होतं तिकडेच परत निघालं. चष्मा, मिश्या, नवा शर्ट, सगळं काळंकुट्ट! बिचाऱ्यानं जॉइंट पुन्हा पुसला, या वेळी स्वतः भरला आणि चाक चढवलं. मला पुसायला मात्र वेळ उरला नाही. अकरा वाजले होते. तसाच निघालो.

वळणांवर गाडी अगदी चिडीचूप. मी खूश!

सेंट्रलवर नावाची पाटी धरून उभा राहिलो. मुलाची आई पाटी वाचून जवळ आली.

"नमस्कार. प्रवास ठीक झाला ना?" मी म्हणालो.

"अगंबाई, ड्रायव्हरसुद्धा मराठी ठेवलाय!" त्या आपल्या यजमानांना म्हणाल्या आणि हातातली बॅग माझ्याकडे दिली. "साहेब नाही का आले?"

मी बॅग उचलली.

"साहेब अंघोळ करताहेत."