आधी बूट, मग जॉइंट

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून ज्या माणसाचे केस पांढरे झाले, त्याला सगळी गल्ली ‘पार्टवाले’ म्हणायची. गिऱ्हाइकानं बिघडलेल्या गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवला, की पार्टवाले फळीवरून बरोब्बर खोका काढून द्यायचे. स्वतःच्या हातानं मात्र त्यांनी कधी गाडीचा स्क्रूही फिरवला नव्हता. हे ते कुणाला सांगत नसत, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा असा सुरू असे की कुणी विचारायच्या फंदातही पडत नसे.

एके दिवशी त्यांच्या मुलीला आपल्या गाडीच्या पुढच्या चाकावर आतून काळं ग्रीस उडालेलं दिसलं. पार्टवाल्यांनी वाकून पाहिलं. ॲक्सलच्या जॉइंटवरचा रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणारी टोपी, फाटला होता.

“गॅरेजला टाकते,” मुलगी म्हणाली.

“का? बाप मेलाय का तुझा? रविवारी अंगणात करून देतो. सोमवारी गाडी घेऊन कामावर जा.”

मुलीची नोकरी नवी होती आणि तिच्या कारखान्याकडे बस जात नव्हती. तिनं बापावर विश्वास ठेवला.

रविवारी पार्टवाले जुनी चादर अंथरून गाडीखाली शिरले. चाक निघालं, मधला मोठा नट निघाला, हातोड्याच्या ठोक्यानं जॉइंटही ॲक्सलच्या दांड्यावरून सुटला. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. जॉइंट पुसून त्यात हात भरभरून ग्रीस घातलं, दांड्यावर जॉइंट अडकवून धरणारी नवी रिंग बसवली, ठोके दिले. आत ‘खट्’ वाजलं. जॉइंट बसला! पार्टवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं.

“बाबा, हे काय राहिलं?”

मुलीच्या हातात नवा कोरा बूट होता.

बूट आधी दांड्यावर चढवायचा असतो. जॉइंट बसला की बूट त्याच्यावरून जात नाही. हे पार्टवाल्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? काउंटरवरचा त्यांचा सगळ्यात लाडका किस्साच तो होता. दोन गल्ल्या पलीकडच्या एका मेकॅनिकनं पूर्वी हीच चूक केली होती. नवी रिंग मागायला तो बिचारा दुकानात आला, तेव्हा पार्टवाल्यांनी भर गर्दीत, “या, विसरमास्तर, या!” असं स्वागत केलं. ते नाव त्याला कायमचं चिकटलं. पार्टवाले पुढं तो किस्सा तिखटमीठ लावून सांगत राहिले, दुकानात आणि घरी जेवतानाही. मुलगी त्यावर हसतच लहानाची मोठी झाली होती.

आज ती हसली नाही. पार्टवाल्यांना मान वर करवेना.

जॉइंट काढायला त्यांनी जंग जंग पछाडलं. नव्या रिंगेनं तो असा धरला होता की तसूभर हलेना. शेवटी हातोडा अंगठ्यावर बसला.

“बाबा, त्यांनाच बोलवा ना,” मुलगी हळूच म्हणाली.

“कुणाला?”

“माहितीये तुम्हाला.”

फोनमध्ये नंबरही ‘विसरमास्तर’ म्हणूनच होता. पलीकडून “हॅलो” आलं आणि पार्टवाल्यांची बोबडी वळली. या माणसाचं खरं नाव त्यांना ठाऊकच नव्हतं.

“मी... दुकानातला. जॉइंट बसवला, पण बूट...”

“आलो,” एवढंच उत्तर आलं.

मेकॅनिक सायकलवरून आला. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, निदान फिटंफाट तरी झाली असती. “घट्ट धरा,” म्हणत त्यानं दांडा पार्टवाल्यांच्या हाती दिला. दोघांचाही घाम निघाला, तेव्हा कुठं जॉइंट सुटला. मग त्यानं बूट उचलून पार्टवाल्यांपुढं केला.

“तुम्हीच चढवा.”

पार्टवाल्यांनी बूट चढवला.

काम झाल्यावर मुलगी पाणी घेऊन आली. “काका, तुमचं नाव सांगा ना. फोनमध्ये नीट लिहून ठेवते.”

“असू दे, बाळ,” मेकॅनिक हात पुसत म्हणाला. “खरं नाव सांगितलं तर कुणी ओळखत नाही मला. बाबांनी ठेवलेलंच चालतं सगळीकडे. माझ्या नातवालाही शाळेत त्याच नावानं चिडवतात.”

आवाजात टोमणा नव्हता. पाणी पिऊन तो सायकलवर बसला आणि गेला. पार्टवाले खाली पडलेली पक्कड उगाच पुसत राहिले.

सोमवारी मुलगी गाडी घेऊन कामावर गेली. दुकानात एका गिऱ्हाइकानं नव्या माणसाला पुढं केलं. “काका, याला तो विसरमास्तरांचा किस्सा सांगा ना!”

“बूट मी विसरलो,” पार्टवाले म्हणाले. “काल. माझ्याच अंगणात.”

काउंटरवर एकच हशा पिकला. “काका पण ना! आता स्वतःवर घेऊन सांगायला लागले!”

“खरंच सांगतोय, मीच विसरलो.”

लोक आणखीच हसले. नवा माणूस डोळे पुसत म्हणाला, “पण हे विसरमास्तर राहतात कुठं? एकदा बघायलाच हवं त्यांना.”

पार्टवाल्यांनी फळीकडे तोंड फिरवलं आणि कुणी न मागितलेला खोका शोधू लागले.