मागे बर्फ, पुढे भट्टी

…तर घोडे बांधणार कुठं, असं मी त्याला विचारलं. लिहितेस ना पोरी? हसू नकोस, हसलीस की तुझं अक्षर वाकडं येतं. मग लोक म्हणतील म्हातारीच वाकडी बोलली.

दुकानदारानं त्याला सांगितलं होतं की हा नवा एअर फिल्टर बसवला की इंजिनाला मोकळी हवा मिळते, आठ-दहा घोड्यांची ताकद वाढते आणि वर डिझेलही कमी लागतं. मी म्हटलं, "भावजी, दहा घोडे आणताय, त्यांना चारा कोण घालणार?" तो म्हणाला, "वहिनी, चाराच कमी लागतो, तेच तर आहे!" मी म्हटलं, जास्त ओझं ओढायचं आणि कमी खायचं, असं जनावर मी आयुष्यात एकच पाहिलंय, आणि ते तुमच्यासमोर उभं आहे.

हसला खूप. पण फिल्टर घेऊनच आला.

हा म्हणजे माझा धाकटा दीर, तुझ्या आजोबांचा भाऊ. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणते, पाठीमागे तो. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं आणि आवाज फुटका होता. बर्फाच्या कारखान्यात सगळे त्याला 'सुसाट' म्हणायचे. का, तर गाडी इतकी हळू चालवायचा की मागून सायकलवाले घंटी वाजवायचे. हा आपला हात बाहेर काढून त्यांना पुढे जाऊ द्यायचा, वर सलामही करायचा.

तुझे आजोबा गेले तेव्हा तुझी आई चार वर्षांची होती आणि मावशी पाळण्यात. भेटायला आलेले नातेवाईक चहा पिऊन गेले. हा राहिला. एका शब्दानं बोलला नाही की मी आता तुमचं बघतो. दुसऱ्या दिवशी कामावर गेला आणि येताना मुलींना चपला घेऊन आला. दोन्ही जोड एकाच मापाचे. मावशीला तर अजून उभंही राहता येत नव्हतं.

लग्न केलं नाही. कोणी विचारलं की पिकअपच्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "ही आहे की घरात. एकीचाच आवाज पुरे होतो."

काम त्याचं असं. कारखान्यात बर्फाच्या वीस लाद्या ट्रेलरवर रचायच्या, वर गोणपाट टाकायचं, ट्रेलर पिकअपच्या मागे जोडायचा, आणि टेकडी चढून उतरून पलीकडे मासळीच्या धक्क्यावर पोचवायचा. दिवसाला दोन फेऱ्या. रस्ता आमच्या दारावरून होता. जाताना तो दोनदा हॉर्न द्यायचा, येताना एकदा. मी शिलाई मशीनवर बसलेली असायचे, कारखान्याच्या कामगारांचे कपडे शिवायला माझ्याकडेच यायचे. जातानाचा हॉर्न ऐकला की डब्यातलं एक बटण काढून बरणीत टाकायचं. त्यानं डिझेलची टाकी पुन्हा भरली की बरणी ओतून मोजायची. मला अक्षर येत नाही, पण बटण कळतं. एका टाकीत अकरा फेऱ्या. हवा चांगली असली की बारा. वर्षानुवर्षं अकरा.

मग गाडी म्हातारी झाली. म्हणजे, काही बिघडलं नव्हतं गं. पण चढावर दम लागायचा. अर्ध्या चढावर एक वळण आहे, तिथं पहिल्या गिअरवर यायची आणि कण्हत कण्हत चढायची. मागे ट्रेलरमधून पाणी टपटप, टपटप. उन्हात जितका वेळ जास्त, तितका बर्फ कमी. धक्क्यावरचा वजनकाटेवाला त्याला म्हणायचा, "काय सुसाटराव, आज बर्फ आणलात की नुसती बातमी?"

एक दिवस कारखान्याच्या मॅनेजरनं बोलावून घेतलं. म्हणाला, वीस लाद्या निघतात, काट्यावर अठराच्या वजनाखाली येता कामा नये. सलग तीन दिवस खाली आलं, तर चौथ्या दिवसापासून फेरी मोठ्या ट्रकला. तो ट्रक बाहेर उभाच होता म्हणे, नवाकोरा, पुसून ठेवलेला.

घरी आला तो जेवला नाही. मी म्हटलं, "भावजी, माझं ऐका. मी तुम्हाला जाड आच्छादन शिवून देते. जुन्या कांबळ्यांचे चार थर, वर ताडपत्री. बर्फ वितळतोय ना? मग बर्फ झाका." तो हसला. म्हणाला, "वहिनी, दुखणं इंजिनाला आणि पांघरूण पेशंटच्या शेजाऱ्याला?"

त्याला बर्फाचं दुःख नव्हतंच गं. त्या वळणावर आता नुसते सायकलवालेच नव्हे, पायी चालणारेही त्याच्याबरोबर गप्पा मारत चढायचे, त्याचं दुःख होतं. ते मला कळत होतं. म्हणून आच्छादनाचं मी पुन्हा काढलं नाही.

मग आला तो फिल्टर. लाल, टोकेरी, उलट्या ठेवलेल्या पेल्यासारखा, उघडाच. दुकानदारानं जुना काळा डबा काढून घेतला आणि हा तिथंच बॉनेटखाली लावून दिला. आणि आवाज काय सांगू! पाय दाबला की असं फूस्स करून हवा ओढायची, वाघ जांभई देतोय असं वाटावं. तुझी आई तेव्हा नोकरीला लागली होती, ती धावत बाहेर आली. तो खिडकीतून ओरडला, "बघितलंस? तरुण झाली!"

बरणीत बटणं पडत राहिली. टाकी भरल्यावर मी मोजली. दहा. पुन्हा मोजली. दहाच.

मी म्हटलं, "भावजी, एक कमी आहे."

"तू एखाद्या वेळी टाकायला विसरली असशील."

"मी?"

"बरं, मग वारा समोरून होता."

"दहाही फेऱ्यांना समोरून?"

तो म्हणाला, "वहिनी, ताकद वाढलीय. मला जाणवतंय ना. पाय ठेवला की गरजते." मी म्हटलं, गरजते म्हणूनच तुम्ही पाय जास्त दाबता. त्यावर तो चहा अर्धा टाकून उठला. पुढच्या टाकीलाही दहाच भरली; त्याच्या समाधानासाठी एक खोटं अकरावं बटण टाकावंसं फार वाटलं, पण टाकलं नाही.

मग ऊन कडक झालं आणि काट्यावर वजन साडेसतरा आलं. दुसऱ्या दिवशी सतरा.

त्या संध्याकाळी मीच त्याला मिस्त्रीकडे ओढत नेलं. मिस्त्री म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेला, तोंडानं फटकळ, हातानं देवमाणूस. त्यानं बॉनेट उघडलं, फिल्टर बघितला आणि कपाळावर काळा हात मारून घेतला.

"हे कोणी केलं?"

"मी," हा म्हणाला.

"शाबास. जुना डबा हवा कुठून घ्यायचा माहितेय? दिव्याच्या बाजूनं, बाहेरची, थंड. हा कुठली घेतो? इंजिनाच्या अंगावरची. तू चढावर चालतोस बैठकीला बसल्यासारखा, वारा आत येत नाही, बॉनेटखाली पावही भाजून निघेल. गरम हवा पातळ असते, राजा. पातळ हवेवर इंजिन काय ओढणार? मागे बर्फ आणि पुढे भट्टी!"

मी विचारलं, "म्हणजे ह्याचा काहीच उपयोग नाही?"

मिस्त्री म्हणाला, "सपाट रस्त्यावर शर्यत लावली, सुई पार टोकाला नेली, तर असेल चिमूटभर. ह्याच्यासारखं ओझं ओढणाऱ्याला शून्य. जुन्या डब्यातला कागदी फिल्टर स्वच्छ असला की इंजिनाला हवी तेवढी हवा मिळते. कंपनीतले लोक काय झोपेत डबा बनवतात? वहिनी, इंजिनात डिझेल सोडणारे पंप आणि नोझल दाखवायला पाहिजेत, ते खरं दुखणं. आणि आधी तो जुना डबा परत लावा."

जुना डबा दुकानदारानं भंगारात दिला होता. मिस्त्री म्हणाला, दुसरा मिळवायला चार दिवस लागतील.

चार दिवस. आणि उद्या वजनाचा तिसरा.

परत येताना हा पुढे पुढे चालत होता. दाराशी आल्यावर एकदम थांबला. डोळे चमकले. म्हणाला, "वहिनी! गरम हवा मिळते म्हणूनच ना? अगं, मी बर्फवाला आहे!"

बर्फवाल्यालाच सुचावं असं होतं ते. फिल्टरच्या भोवती पिशवी बांधायची, तिच्यात बर्फाचा चुरा भरायचा, वरून तोंड उघडं. हवा बर्फावरून जाणार, गार होऊन आत जाणार. "मला एक पिशवी शिवून दे. ताडपत्रीची. पण बघ हं, पाणी वायरींवर गळता कामा नये, नाहीतर शॉर्ट होईल."

मला काय वाटलं ते सांगू? मला वाटलं, नको. का नको, ते सांगता येत नव्हतं. दहा बटणं मी दाखवली होती, मिस्त्रीनं तोंडानं सांगितलं होतं, आता माझ्याजवळ दाखवायला काय राहिलं? आणि ज्या माणसानं पाळण्यातल्या पोरीला चपला आणल्या, तो दारात उभा राहून पिशवी मागतो, त्याला मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

शिवली. दुहेरी शिवण घातली, दोऱ्याला मेण लावलं, शिवणीवरही मेण घासलं. पाणी भरून टांगून बघितली. थेंब नाही. जन्मभर लोकांनी मला भोक दाखवून नावं ठेवलेली, शिवणीत भोक म्हणजे कामचुकार. मी भोक कसं ठेवणार गं?

सकाळी तो हॉर्न देत गेला. आवाज चांगला होता. मी बटण टाकलं.

दुपार झाली तरी परतीचा हॉर्न नाही. मशीन चालवत होते पण सुई एकाच जागी टोचत होती. शेवटी पाववाल्याची व्हॅन दारात थांबली. तो म्हणाला, "आजी, तुमचा सुसाट वळणावर उभा आहे. गाडी बंद." तेव्हा मी आजी नव्हते, पण तो सगळ्यांना आजी म्हणायचा. त्याच्याच व्हॅनमधून गेले, पाठीला गरम पाव लावून.

वळणावर पिकअप, बॉनेट उघडं, मागे ट्रेलर. हा रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेला. मला बघून उठला नाही.

इंजिनाच्या उष्णतेनं चुरा भराभर वितळला होता. पाणी खाली गळायला जागाच नव्हती. पिशवीत साठत साठत वर आलं, फिल्टर बुडाला, आणि चढावर त्यानं पाय दाबल्याबरोबर इंजिनानं हवेऐवजी पाणी ओढून घेतलं. खडाक्कन आवाज झाला म्हणाला, आणि मग काही नाही. मिस्त्रीनं नंतर सांगितलं, पाणी दाबलं जात नाही, म्हणून आतला लोखंडी दांडा वाकला.

मी पिशवी काढून उलटी केली. कोरडी. सगळं गाडी प्यायली होती.

बर्फ पुढे न्यायला आम्ही गाड्या थांबवायला गेलो. एकीत लाकडं भरलेली, एकीत माणसं. एक जण म्हणाला, दोन लाद्या नेतो घरी, वाया कशाला घालवता. त्याला हा म्हणाला, "न्या." मी सीटवरची चादर काढून बर्फावर टाकली, गोणपाट नीट केलं, माझी ओढणीही टाकली. मुंगीनं धरण बांधावं तसं. पाणी ट्रेलरखालून निघून रस्त्यावरून खाली चाललं होतं, सरळ आमच्या घराच्या दिशेनं. आम्ही दोघं बघत बसलो. दुसरं करणार काय?

पिशवी हातात घेऊन तो म्हणाला, "वहिनी, शिवण मात्र एक नंबर झाली होती हं. एक थेंब गळला नाही."

टोमणा नव्हता गं तो. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. तो मनापासून कौतुक करत होता.

चौथ्या दिवशी मोठा ट्रक दारावरून गेला. त्यानं हॉर्न दिला नाही, त्याला काय माहीत. इंजिन नवं घालणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, म्हणून पिकअप भंगारवाला दारातून ओढून घेऊन गेला. दुसऱ्या गाडीला बांधून. वळणापर्यंत हा तिच्यामागे चालत गेला. परत आला तेव्हा माझ्या नजरेला नजर देईना. मी त्याच्या देईना. घरात दोन माणसं एकमेकांना चुकवत फिरायची, मीठ मागायलासुद्धा तुझ्या आईला मध्ये घालायची. महिनाभरानं तो म्हणाला, लांब एका बंदरावर बर्फ फोडायच्या मशीनवर जागा आहे. मी म्हटलं, जा. थांबा म्हणायला हवं होतं.

पहिली दोन वर्षं कोणाकोणाबरोबर निरोप यायचा, बरा आहे म्हणून. मग तेही थांबलं. तुझ्या आईनं फोन लावले, नंबर बंद. मी बसमध्ये बसून दोन बंदरं पालथी घातली. एवढी बंदरं आहेत गं जगात, आणि प्रत्येक ठिकाणी बर्फ लागतो.

आता हे नीट लिही. वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणी एखाद्या धक्क्यावर गेलात आणि बर्फाच्या मशीनवर उंच, खांदे पडलेला, कोणी मागून आलं की आधी बाजूला होऊन वाट देणारा म्हातारा दिसला, तर त्याला विचारा, तुम्ही सुसाट का? हो म्हणाला तर सांगा, वहिनीनं बटणं बरोबर मोजली होती, फिल्टर फुकट आहे हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं पिशवी शिवली. खाली भोक ठेवायचं तिला सुचलं नाही. चूक एकट्याची नव्हती. एवढंच सांगा. गाडीबद्दल घरात कोणी विचारणार नाही, हेही सांगा.