सरांना घाम येत नाही

मे महिना लागला की मला सरांची भीती वाटायला लागते. सर काही रागवत नाहीत. रागावणं त्यांना शाळेतही कधी जमलं नाही. भीती वाटते ती त्यांच्या अंगाची. सोलापूरचं ऊन धडधाकट माणसाला सोडत नाही, आणि सरांना तर मानेखाली घामच येत नाही.

सर आम्हाला भूगोल शिकवायचे. शिकवायचे म्हणजे वर्गातून बाहेर काढायचे. मैदानात पोरापोरींच्या रांगा लावून त्यांच्या नद्या करायचे. उंच मुलं भीमा, आम्ही बुटक्या मुली सीना. शिट्टी वाजली की वाहायचं आणि झेंड्याच्या खांबापाशी एकमेकांत मिसळायचं. एकदा मी कशावरून तरी रुसून मध्येच फतकल मारून बसले, तर सर म्हणाले, "बसू द्या तिला, सीना उन्हाळ्यात आटतेच." सगळं मैदान हसलं, मीसुद्धा. मुख्याध्यापक खिडकीतून कपाळाला आठ्या घालून बघायचे. सर त्यांनाही हाक मारायचे, "या की सर, उजनी धरणाची जागा रिकामी आहे!"

निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना टेंभुर्णीचं एक लग्न आटोपून येताना त्यांच्या मोटारसायकलसमोर कुत्रं आलं. मानेचा मणका मोडला. सकाळी वरातीत नाचलेल्या माणसाला संध्याकाळी बोटही हलवता येईना. आता खांदे जरासे उचलतात, मान वळते आणि तोंड चालतं. तोंड तर पूर्वीपेक्षा जास्त चालतं. पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा मला दारातच रडू फुटलं, तर म्हणाले, "ये, ये. तुझे सर आता पठार झालेत. दख्खनचं." मला हसू आलं आणि हसल्याचा स्वतःचाच राग आला.

मी पलीकडच्याच गल्लीत राहते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, बाहेर गेल्या की मी सरांपाशी जाऊन बसते. बसते कसली, जीव मुठीत धरून बघत असते. मी मुळातच भित्री. पाल दिसली तरी शेजारणीला बोलावणारी. काकूंनी मला सगळं नीट समजावलं होतं. डॉक्टरांनी घरी सोडतानाच सांगितलं होतं की मेंदूचा निरोप मानेखाली पोचत नाही, त्यामुळे घाम सुटत नाही आणि अंग गार व्हायची सोयच उरत नाही. बाहेर तापेल तसे सर तापणार. म्हणून कूलर, ओले पंचे, पाणी फवारायची बाटली. लाइट गेली की मी बाटली घेऊन त्यांच्या उशाशीच उभी राहते. सर म्हणायचे, "घाबरतेस काय? मी आहे ना!" जणू आजारी मीच. पण खरं सांगते, मला त्याचाच आधार होता. सर थट्टा करताहेत म्हणजे सर ठीक आहेत, असा माझा सरळ हिशोब होता.

गेल्या मे महिन्यात वळसंगहून सरांची थोरली बहीण आली. सगळे तिला अक्का म्हणतात. आई लवकर गेल्यामुळे सरांना तिनंच लहानाचं मोठं केलं. मेंढरांमागं जातानाही हे पोर तिच्या कडेवर असायचं म्हणे. काकूंना त्या दिवशी पेन्शनच्या कामाला जायचं होतं. "कूलर बंद करू नका," एवढं अक्कांना सांगून त्या गेल्या. जेवणं उरकून मी येणारच होते.

मी निघाले तेव्हा गल्लीतली लाइट गेलेली होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सरांच्या घराची खिडकी लावलेली, दार लोटलेलं. दार ढकललं तर आत भट्टी पेटल्यासारखी धग. पलंगावर सर हनुवटीपर्यंत पांघरलेले. एक नाही, दोन चादरी. आपल्या सोलापुरी, जाडजूड. आणि उशाशी अक्का, एक हात चादरीखाली घालून बसलेली.

"आंग लई तापलंय की गं," ती हळू आवाजात म्हणाली. "लाइट गेल्यापास्नं चढतोय ताप. घाम सुटला की उतरंल बघ. पर सुटंना झालाय. म्हून दुसरी घातली."

लहानपणी सरांना ताप आला की अक्का त्यांना घोंगडीत गुंडाळून घ्यायची आणि घाम येईस्तोवर तशीच बसून राहायची. घाम आला की पदरानं पुसायची, पोर टुणकन उठायचं. आपल्याकडे घरोघरी हेच करतात, माझ्या आईनंही केलंय. अक्का तोच घाम चाचपत बसली होती, आणि तो जन्मात येणार नव्हता.

"सर," मी हाक मारली. त्यांचा चेहरा लालभडक, ओठ कोरडे. डोळे अर्धवट उघडले. म्हणाले, "घंटा झाली का? पोरं उन्हात उभी आहेत." थट्टेचा मागमूस नव्हता. त्यांनी मला ओळखलंच नव्हतं.

मी किंचाळलेच. चादरी ओढून जमिनीवर फेकल्या. माठातलं पाणी तांब्यानं घेऊन सरळ त्यांच्या छातीवर ओतलं. अक्कानं माझं मनगट धरलं. मेंढरं आवरलेला हात तो, सुटता सुटेना. "मारतीस का काय त्याला? तापात गार पानी घालतीस?" ती ओरडली. मीही ओरडले, "अक्का, त्यांना घाम येत नाही! कधीच येत नाही! आतल्या आत शिजताहेत ते!" तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. तिचा हात माझ्या मनगटावरून आपोआप सुटला.

मग तिनंच खिडकी उघडली. मी एका हातानं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला, दुसऱ्या हातानं पाणी ओतत राहिले. अक्कानं आपल्या लुगड्याचा पदर माठात बुचकळून त्यांच्या मानेला, काखांना लावला आणि सुपानं वारा घालायला लागली. तोंडानं देवाचं नाव नव्हतं, फक्त "बाळा, बाळा" चाललं होतं. मला एकच दिसत होतं. काकू परत येतील आणि मला त्यांना दारातच काहीतरी सांगावं लागेल. काय सांगायचं त्याचे शब्दही डोक्यात जुळायला लागले होते, इतकी मी घाबरले होते.

डॉक्टर बर्फ घेऊन आले. त्यांनी काय काय केलं ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की बऱ्याच वेळानं सरांनी माझ्याकडे बघून बारीक आवाजात विचारलं, "सीना, एवढं पाणी कुठून आणलंस?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. माझं डोकंच फिरलं.

"तुम्हाला माहीत होतं ना सर? मग अक्कांना पहिल्याच चादरीला का नाही सांगितलंत?"

सरांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "किती वर्षांनी ती मला पांघरूण घालत होती. किती खूश होती. म्हटलं, घालू दे थोडा वेळ. तिला हसवत होतो. नंतर सांगायला गेलो तर शब्द सापडेनात. मला फार भीती वाटली गं. मला रोज वाटते."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ज्या हसण्याला धरून मी त्या खोलीत बसायचे, ते हसणं आम्हा सगळ्यांना घाबरू न देण्यासाठी होतं. त्यामागं सर एकटेच भीत होते.

अक्का तोवर उंबऱ्यावर जाऊन बसली होती, पिशवी भरून. "म्या जाते वळसंगला," ती परत आलेल्या काकूंना म्हणाली. "माझ्या हातानं गेला असता की ओ त्यो. मला हात लावायचं बी भ्या वाटतंया." आतून सरांनी हाक मारली, "अक्का, कुटं निगालीस? हितं ये. तोंडावर पानी मार की, आग व्हायलीय." ती गेली नाही. अजूनही उन्हाळ्यात येते आणि ओला पंचा हातात घेऊन पलंगाशी बसते.

त्या दिवशी मी निघताना सरांनी मला थांबवलं होतं. म्हणाले, "माझ्या बोलण्यावर जात जाऊ नकोस. मी हसत असलो तरी हात लावून बघत जा."

यंदाही ऊन तसंच आहे. सर नवनवीन थट्टा करतात आणि मी हसता हसता त्यांच्या मानेवर तळहात ठेवते. तेवढ्या जागेला अजून सगळं समजतं. माझा हात थरथरतो, तोही त्यांना समजत असणार. त्याच्यावर मात्र ते थट्टा करत नाहीत. मान जराशी वळवून गाल माझ्या हाताला टेकवतात आणि डोळे मिटून घेतात.