जीपचा क्रँकशाफ्ट

आज जुना कंदील पुसताना रॉकेलचा वास आला आणि दौलताबादचं आमचं अंगण आठवलं. चादरीवर रॉकेलने धुतलेला जीपच्या इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, पडलेला, बेअरिंग झिजून त्यावर चरे उमटलेले.

"भंगारात घाला," मेकॅनिक म्हणाला.

वडील त्याच जीपमधून अडलेल्या बायांना शहरातल्या दवाखान्यात न्यायचे.

"नाय घालणार," आई म्हणाली. शेजारचे रहीमचाचा सांगत गेले, तशी ती तेलात भिजवलेली पॉलिश पेपरची पट्टी चऱ्यांवरून फिरवत राहिली.

"बस करो भाभी, हातां छिल गए."

"सोलवटू द्या, रहीमभाई."

चौथ्या दिवशी शहरातल्या औरंगपुऱ्यातून आणलेले नवे बेअरिंग बसवले नि इंजिन धडधडलं.

तेव्हा मला तो तिचा हट्ट वाटला. माझ्याआधीचं तिचं बाळ बैलगाडीत, दवाखान्याच्या वाटेवरच गेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.