अध्यक्षजींचा रात्रीचा राउंड

"मी खाऊन नाही राहिलो रे, चाखून राहिलो," असं म्हणत ते डाव्या हाताचा पंजा रहदारीच्या शिपायासारखा माझ्यापुढे धरायचे आणि उजव्या हाताने पुढचा मंगोडा उचलायचे. मंगोडे म्हणजे मुगाच्या डाळीची भजी. आमच्या जबलपुरात पोट भरलेलं असलं तरी मंगोड्यांना जागा होते. चाखता चाखता त्यांचा दोना, म्हणजे पानाचा द्रोण, रिकामा व्हायचा, आणि मग ते गंभीरपणे शेरा मारायचे, "आज मीठ बरोबर आहे. उद्या पुन्हा पाहावं लागेल."

त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळी कॉलनी त्यांना अध्यक्षजी म्हणायची, भाजीवालासुद्धा. सिविल लाइंसमधल्या एका सरकारी कचेरीतून ते मोठे बाबू म्हणून निवृत्त झाले आणि रांझीच्या बाजूला आमच्या कॉलनीत घर बांधून राहायला आले. कचेरी सुटली, पण कचेरीची सवय सुटली नाही. कॉलनीची कमिटी तोवर सुखाने झोपलेली होती. त्यांनी तिला जागं केलं, तिचे अध्यक्ष झाले, तिचा शिक्का बनवला आणि जागोजागी बोर्ड लावले. भिंतीवर 'थूकना मना है', नळावर 'नहाना मना है', आणि बागेत, तिथे सकाळी हास्य-क्लब भरतो म्हणून, 'हास्य-क्लब छोड़कर ज़ोर से हँसना मना है.' तुमच्याही कॉलनीत असे एक गृहस्थ असतील. नसतील तर जरा नीट बघा, कदाचित ते तुम्हीच असाल.

असा हा कडक माणूस घरी मात्र आवाज न करता जगत होता. त्यांना शुगर होती, आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. सूर्य मावळला की ताट समोर यायचं. ताटात दलिया, शेजारी लौकीची, म्हणजे दुधीची, भाजी. नवाच्या सुमाराला दिवे बंद. काकूंना झोप लागली की अध्यक्षजी मंकी कॅप घालायचे, हातात टॉर्च घ्यायचे आणि कॉलनीच्या सुरक्षेसाठी राउंडला निघायचे. राउंड घरापासून गेटपर्यंत असायचा. गेटच्या बाहेर, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, दीदीचा खाण्याचा ठेला होता.

मी फॅक्टरीत आहे. सेकंड शिफ्ट सुटली की घरी यायला रात्र होते. माझी बायको तेव्हा नोकरीसाठी छिंदवाड्याला होती, त्यामुळे माझं जेवण म्हणजे दीदीचे पराठे. दीदी पन्नाशीची, आवाजाने खणखणीत. तिचा नवरा मागे बसून कांदे चिरायचा आणि बोलायचं खातं पूर्ण तिच्याकडे होतं. तिथेच पहिल्यांदा मी ट्रान्सफॉर्मरच्या सावलीत एक मंकी कॅप हलताना पाहिली.

"काहून रे, इतक्या उशिरा?" मंकी कॅपने मलाच विचारलं.

"शिफ्ट सुटली, काका. तुम्ही?"

"राउंडवर आहो." मग हळूच, "काकूला सांगू नको. ती सुरक्षेच्या बाबतीत घाबरट आहे."

तेव्हापासून आमची रात्रीची ओळख झाली. दिवसा ते मला गाडी आडवी लावल्याबद्दल नोटीस द्यायचे आणि रात्री माझ्या शेजारी बसून पराठ्याचा काठ कुरकुरीत का हवा, यावर बोलायचे.

मग कॉलनीला 'आदर्श' ठरवून घ्यायची टूम निघाली. कमिटीचे सचिव, हे एक निवृत्त मास्तर, म्हणाले की गेटवर ठेला असलेली कॉलनी आदर्श कशी होणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. आता अध्यक्षजींनी विरोध केला असता तर कारण सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर अर्जाचा मसुदा म्हटलं की त्यांचे हात शिवशिवायचे. त्यांनी महापालिकेला शुद्ध हिंदीत असा अर्ज लिहिला की वाचून ठेल्याचीच दया यावी. 'प्रवेशद्वार की गरिमा', 'अवांछित धुआँ', 'रात्रिकालीन जमावड़ा.' सोबत पुरावा म्हणून फोटो, तोही कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. फोटो इतका जवळून आणि अशा कोनातून होता की तो फक्त ठेल्याच्या स्टुलावर बसूनच काढता येतो. त्यांच्या अंगठ्यासकट अर्धा मंगोडाही आला होता.

मी रात्री म्हटलं, "काका, हे काय करून राहिले तुम्ही?"

"मी फक्त मसुदा केला. मसुदा म्हणजे कारवाई नव्हे," ते घास गिळत म्हणाले. "उभा जन्म मी मसुदे केले. एकावर तरी कधी काही झालेलं पाहिलं नाही. तू बिनधास्त खा."

त्याच आठवड्यात महापालिकेची गाडी आली आणि ठेला उचलून घेऊन गेली. दीदी रस्त्यावर उभी राहून ओरडत होती, नवरा विखुरलेले कांदे गोळा करत होता. कमिटीने अध्यक्षजींना हार घातला. हारातला त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. सरकार काम करतं, हा धक्का त्यांना सोसला नव्हता.

"आठवड्यात!" ते माझ्या कानाशी पुटपुटले. "माझ्या नोकरीत असं कधी झालं नाही रे."

त्या रात्री मी आलो तेव्हा ते ट्रान्सफॉर्मरपाशी एकटे उभे होते. जिथे ठेला असायचा तिथे नवा बोर्ड होता: 'ठेला लगाना मना है.'

"शांत वाटून राहिलं, नाही?" ते म्हणाले.

"हो."

"जरा जास्तच शांत." त्यांनी टॉर्च लावली, विझवली. "तुझ्या गाडीत पेट्रोल आहे का?"

असे आमचे शोध सुरू झाले. माझ्या स्कूटरवर मागे अध्यक्षजी, त्यांच्या डोक्यावर मंकी कॅप, आणि आम्ही शहरभर. मदन महल स्टेशनच्या बाहेर एक समोसा मिळाला. त्यांनी तो दाबून पाहिला आणि परत ठेवला. "सकाळचा आहे."

"सकाळचा चालतो, काका."

"कोणत्या सकाळचा, ते विचार त्याला."

मग बायपासवर एक ढाबा सापडला. त्याच्यावर इतके दिवे होते की मंकी कॅपमध्येही आम्ही ओळखू आलो असतो. मेनू सर्व्हिस बुकाएवढा जाड. जे मागवलं त्यात काजू, साय आणि साखर. दोन घास खाऊन ते म्हणाले, "हे जेवण नाही, कोणाच्या तरी लग्नाचं रिसेप्शन आहे. चल, अहेर द्यायच्या आधी निघू."

शेवटी मी मोबाइलवरून पिझ्झा मागवला, माझ्या घरच्या पत्त्यावर. अध्यक्षजींनी फार विचार करून ऑर्डरवर स्वतःचं नाव टाकायला लावलं. "तक्रार करायची वेळ आली तर वजन पडते," म्हणाले. आम्ही माझ्या घरी वाट पाहत बसलो. गेटवरच्या चौकीदाराने नाव वाचलं, सलाम ठोकला आणि पिझ्झावाल्याला थेट अध्यक्षजींच्या दाराशी नेऊन पोचवलं. दार काकूंनी उघडलं.

खिडकीतून ते पाहून आम्ही धावत पोचलो तेव्हा काकू डबा हातात घेऊन उभ्या होत्या.

"हे काय आहे?"

"कमिटीचं आहे," अध्यक्षजी म्हणाले. "सॅम्पल. उद्याच्या मीटिंगसाठी."

"अच्छा," काकू म्हणाल्या. "मग फ्रिजमध्ये ठेवते. उद्या वाटा."

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये प्रत्येक सदस्याला थंडगार, चामड्यासारखा एकेक तुकडा मिळाला. हे कशाचं सॅम्पल आहे, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. सचिवांनी तर दोनदा चावून, "उत्तम है," असा अभिप्राय दिला.

दीदी कुठे आहे, ते मला फॅक्टरीतच कळलं. ती रांझीच्या पुढे, फॅक्टरीच्या क्वार्टर्सच्या वळणावर उभी राहू लागली होती. मी अध्यक्षजींना सांगितलं. त्या रात्री ते मंकी कॅप न घालताच आले.

तिथे गर्दी होती. दीदीने कढईवरून मान वर केली आणि झारा तसाच हातात ठेवला.

"काय साहब, चिट्ठी आप ही लिखे थे ना?"

"वो… सबका सामूहिक निर्णय था, दीदी."

"दस्तखत किसका था?"

माणसं वळून पाहू लागली. मला वाटलं, आता अध्यक्षजी उसळतील, नियम सांगतील. ते म्हणाले, "मेरा था."

"हओ," दीदी म्हणाली. "तो बैठो. सबके बाद."

ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना टेबलासमोर ताटकळत ठेवलं, तो उलट्या ठेवलेल्या तेलाच्या डब्यावर बसून राहिला. शिफ्ट सुटलेले लोक आले, खाऊन गेले. त्यांच्या मागून आलेलेही गेले. दीदीने एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. शेवटी तिने गॅस बंद केला, कढईच्या तळाशी उरलेला चुरा दोन्यात भरला आणि त्यांच्या हातात दिला. "इतना ही बचा है."

त्यांनी सगळा चुरा खाल्ला. त्या रात्री मीठ, काठ, तेल, कशावरही शेरा मारला नाही. गेटपाशी उतरल्यावर त्यांनी नव्या बोर्डावर टॉर्च मारली.

"हा कोणी लावला?"

"तुम्हीच, काका."

"हो," ते म्हणाले. "अक्षर चांगलं आहे." आणि घरी गेले.

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी ठेला परत आणायचा ठराव मांडला. सुरुवात मोठ्या थाटात झाली. रात्री गेटवर उजेड राहील, वर्दळ असेल, चोर फिरकणार नाही, वगैरे. मुद्दे चांगले होते, पण सचिव मास्तर होते. ते उठले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "अध्यक्षजी, एक बात बताइए. आप खुद वहाँ खाते हैं क्या?"

महिलांच्या रांगेत काकू बसल्या होत्या. हातात स्वेटरचं विणकाम होतं, सुया चालू होत्या.

अध्यक्षजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी मनातल्या मनात म्हटलं, 'राउंड' म्हणा, 'निरीक्षण' म्हणा, काहीतरी म्हणा.

"खाता हूँ," ते म्हणाले. "रोज़ खाता था. और जो मुझे खिलाती थी, उसी को मैंने हटवाया."

कोणी हसलं नाही. सुया थांबल्या होत्या. काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं, नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "ठराव मांडला आहे ना? मग मत घ्या," आणि सर्वात आधी स्वतःचा हात वर केला. त्यांच्या मागोमाग महिलांची रांग वर झाली, आणि सचिवांनीही कान खाजवता खाजवता हात वरच ठेवला. बहुतेक त्यांनाही भूक लागत असावी.

घरी काय झालं, ते मला काकांनीच सांगितलं. भांडण नाही, रडणं नाही. काकू म्हणाल्या, "मला सगळं ठाऊक होतं. तुमच्या मंकी कॅपला रोज तळणीचा वास यायचा. नर्स होते मी, वास कळतात मला. आता दलिया अर्धाच देत जाईन, म्हणजे हिशेब जुळेल." आणि जुळला. दीदी परत आली, येताना कचऱ्याचा डबाही घेऊन आली. अध्यक्षजी आता उजळ माथ्याने, स्टूल उजेडात ओढून बसायचे. आलेल्या प्रत्येकाला, डबा कुठे आहे, ते सांगायचे. 'आदर्श'चा किताब दुसऱ्याच एका कॉलनीला मिळाला. तिथे रात्री खायला काय मिळतं, याची ते खोदून खोदून चौकशी करत होते.

त्यानंतरच्या थंडीत एका पहाटे ते झोपेतच गेले. कॉलनीने शोकसभा घेतली. सचिवांनी लिहून आणलेलं भाषण वाचलं, त्यात कॉलनीची शिस्त, स्वच्छता, बोर्ड, सगळं होतं. मंगोडे नव्हते. दीदीने त्या रात्री ठेला लावला नाही.

महिनाभराने असेल, मी शिफ्टवरून येऊन पराठा खात होतो. गेटमधून काकू आल्या. अंगावर शाल, पायात घरातल्या चपला. दीदीने चटकन स्टूल पुसलं, डोक्यावर पदर घेतला.

"वो जो लेते थे, वही दे दो," काकू म्हणाल्या.

दीदीने दोना भरून दिला. काकूंनी एक मंगोडा मोडला, चटणीत बुडवून खाल्ला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"इतकं तिखट?"

"हओ अम्मा. साहब तो चटनी में ऊपर से मिर्ची और डलवाते थे."

"मिर्ची?" काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरी मी भाजीत एक मिरची टाकली तरी खोकायचे रे. माझ्यासमोर ताट बाजूला सरकवायचे."

त्यांनी आणखी एक खाल्ला. मग दोना पुढे केला.

"थोड़ी चटनी और दो." आणि मला म्हणाल्या, "तू जा, झोप. मी बसते जरा."

मी गाडी चालू न करता ढकलतच गेटच्या आत नेली. वळून पाहिलं, तर काकू पदराने नाक पुसत होत्या, दीदी कढईवरून हात हलवून काहीतरी सांगत होती, आणि काकू मान हलवत ऐकत होत्या.