मास्तर पुढच्या सीटवर

लग्नानंतरचं सगळं आयुष्य मास्तरांनी बायकोच्या पाठीमागे बसून काढलं. यात अलंकार काही नाही. स्कूटर बायकोची, चालवायची बायको, आणि मागे गुडघे आवळून, गळ्यातली मापाची टेप वाऱ्यावर उडू नये म्हणून शर्टात खोचून बसायचे मास्तर. ती आधी त्यांना कारखान्याच्या फाटकाशी उतरवायची आणि मग टेकडीवरच्या आपल्या हॉस्पिटलात जायची. पुरुषाला गाडी येत नाही म्हटलं की लोकांना उगाच त्याची कीव येते. बायकोला येत नसेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मास्तरांना मात्र कधी कमीपणा वाटला नाही. कुणी टोमणा मारलाच तर ते म्हणायचे, "तिला चालवता येते, मला बसता येतं. संसाराला आणखी काय लागतं?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात नव्या पद्धतीचा पहिला शर्ट ते शिवत. तो पास झाला की मग बाकीची मंडळी तसले हजारो शिवणार. बायको बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. तिला जग सिस्टर म्हणायचं, आणि जगाचं ऐकून ऐकून चारचौघांत मास्तरही तिला सिस्टरच म्हणायला लागले होते. ती हाक ऐकून नवे शेजारी दचकायचे. जुने सरावले होते.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण हॉस्पिटलच्या रस्त्यावर पाइप टाकायचं काम निघालं. रस्ता उभा चिरला, माती-दगडांचे ढीग लावले आणि कामवाले कुठेतरी निघून गेले, ते असतात तसे. एका सकाळी स्कूटरचं पुढचं बुटकं चाक त्या चरात गेलं आणि सिस्टरांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, "वॉर्डातलं काम जपून करा, हरकत नाही. पण वर्षभर हँडल धरायचं नाही. पुन्हा धक्का बसला तर हात कामाचा राहणार नाही."

आता टेकडीवर बस जात नव्हती. रिक्षावाले तो रस्ता बघूनच मान फिरवायचे. हॉस्पिटलच्या मोठ्या बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, "पहिल्या तारखेपासून येणं जमेल ना? नाहीतर तुमच्या जागी कुणी बघावं लागेल." असल्या बायका असं फार गोडच विचारतात. सिस्टर घरी येऊन म्हणाल्या, "नाही जमलं तर बसते घरी. झालं की पुष्कळ."

हे वाक्य त्या इतक्या शहाण्यासारख्या म्हणाल्या की मास्तरांना ते अजिबात पटलं नाही. प्लास्टरच्या दिवसांत घरी बसलेली सिस्टर त्यांनी पाहिली होती. डाव्या हाताने तिने स्वयंपाकघरातले डबे पुन्हा पुन्हा लावले होते. मास्तरांना साधी शिंक आली तरी थर्मामीटर पुढे यायचा. आणि दुपारी, काही उरलं नाही की, ती खिडकीत बसून टेकडीकडे बघायची. अख्ख्या गावाची पोरं जिच्या हातात जन्मली ती बाई खिडकीत बसून राहिली, तर ती वर्षभरात म्हातारी झाली असती. मास्तर म्हणाले, "मी नेतो तुला."

"कशावरून? खांद्यावरून?"

"गाडी शिकतो."

"या वयात?"

"वय झालं म्हणून तुझं मनगट मोडलं का? चरामुळे मोडलं. मोठ्या चाकांची गाडी घेऊ, मोटरसायकल."

सिस्टरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या पायाळू पोराकडे बघतात. अवघड आहे, पण बघू.

शिकवायला आला सिस्टरांचा धाकटा भाऊ. स्वतःची मोटरसायकल घेऊन तो मास्तरांना शाळेमागच्या मैदानावर न्यायला लागला. क्लच सोडणं मास्तरांना लगेच जमलं. हातात हलकेपणा जन्माचा होता. रेशमावर सुई चालवणाऱ्या माणसाला क्लच म्हणजे काय मोठंसं. वळणंही सुरेख घ्यायचे, शर्टाची बगल कापावी तशी. तोल उत्तम. एकच गोष्ट येईना, थांबणं.

"ब्रेक, भावोजी," मेव्हणा शांतपणे म्हणायचा. मग तो जरा कमी शांतपणे म्हणायचा. मग पळायला लागायचा. मास्तर तोंडाने "हो हो, ब्रेक" म्हणायचे आणि गाडी अंग मोकळं करून पुढे सुटायची. एकदा ते कुंपणाच्या मेंदीत गेले, एकदा गोलपोस्टच्या जाळीत. जाळीत अडकले तेव्हा मैदानावर फिरायला आलेल्या एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

"भावोजी, गाडी तुमचं ऐकतेय हो. तुम्हीच तिला भलतं काहीतरी सांगताय," मेव्हणा जाळी सोडवत म्हणाला. घरी येऊन त्याने बहिणीला बाजूला घेतलं. "ताई, माणूस सोन्यासारखा आहे. पण तू दुप्पट पैसे देऊन एखादा रिक्षावाला बांधून टाक."

भिंती पातळ होत्या. मास्तरांनी ऐकलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पहिली तारीख जवळ येत होती.

याच सुमारास नात्यागोत्यात गाडी कोणती घ्यावी यावर चर्चासत्र सुरू झालं होतं. गाडी घेणाऱ्या माणसाला सल्ला फुकट मिळतो, पेट्रोल तेवढं विकत. एक म्हणे अ‍ॅव्हरेज बघा, दुसरा म्हणे जुनी घ्या, पडायचीच आहे. सिस्टरांची थोरली बहीण फोनवरून म्हणाली, काळी नको, उन्हात तापते. चालवणाऱ्याला थांबता येत नाही ही बाब सगळ्यांनी किरकोळ धरली होती.

उलगडा झाला तो कारखान्यात. मास्तर कॉलर शिवत होते. टोकाशी आले, सुई जिथे थांबायला हवी तिथेच थांबवली, कापड फिरवलं, आणि एकदम खाली आपल्या पायांकडे बघत राहिले. कारखान्याच्या मशीनला खाली लोखंडी पट्टा असतो. दोन्ही पाय त्यावर. चवडे दाबले की मशीन पळतं, टाचा दाबल्या की जागच्या जागी थांबतं. मिसरूड फुटल्यापासून मास्तर दिवसभर हेच करत आले होते, तेही अनवाणी, कारण पट्टा तळव्याला कळावा लागतो. थांब म्हटलं की त्यांच्या टाचा आपसूक खाली जायच्या. डोक्याला विचारत नसत.

आणि मोटरसायकलवर? उजव्या पायाचा ब्रेक चवड्याने दाबायचा. टाच खाली गेली की चवडा वर, ब्रेक सुटला. डाव्या पायाशी गिअरची दांडी, पुढे चवड्याला एक तुकडा, मागे टाचेला एक. टाचेने दाबलं की गिअर वरचा पडायचा. म्हणजे प्रत्येक वेळी जीव तोडून मास्तर गाडी थांबवत होते, आणि प्रत्येक वेळी उजवा पाय ब्रेक सोडून देत होता आणि डावा पाय गाडीला म्हणत होता, जा बाई, मोकळी जा. ते एकटेच हसायला लागले. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "काय झालं मास्तर?" ते म्हणाले, "काही नाही. चोर सापडला."

घरी त्यांनी हे सिस्टरांना सांगितलं. सिस्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी मास्तरांना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, हातात लाटणं आडवं धरायला दिलं, कारखान्यातल्या गप्पा काढल्या, आणि बोलता बोलता एकदम म्हणाल्या, "थांबा."

दोन्ही टाचा फरशीवर आपटल्या.

मनगट मोडल्यापासून सिस्टर पहिल्यांदा खळखळून हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, हे जायचं कसं आता? कारखान्यात दिवसभर तेच करणार, आणि सकाळी गाडीवर विसरणार?"

"डाव्या पायाचं बघतो मी. उजव्याचं कळत नाही."

सिस्टर म्हणाल्या, "आम्ही ऑपरेशन थिएटरात जाताना पायातलं बदलतो. नियम स्वच्छतेचा आहे, पण खरं सांगू? पायातलं बदललं की माणूस बदलतो. बाहेरचं सगळं चपलेबरोबर बाहेर राहतं. तुम्ही गाडी कशात चालवता?"

"चपलेत. वेळ आली तर अनवाणीसुद्धा."

"मग पायांना काय कळणार कुठे आहेत ते? बूट घ्या. जाड, घोट्याच्या वरपर्यंतचे. मशीनवर अनवाणी, गाडीवर बूट. त्यात फरक नको."

दुसऱ्या दिवशी तिघं शोरूममध्ये गेली. विक्रेता तरुण, केस चापून बसवलेले, इंजिनाची पोथी तोंडपाठ. मेव्हण्याने मोठ्या टाकीची एक गाडी मनात धरली होती आणि तो तिच्याभोवती फिरत होता. मास्तर मात्र प्रत्येक गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवे बसत, खाली बघत आणि उठून पुढच्या गाडीकडे जात.

"भावोजी, गाडी घेताय की चप्पल?" मेव्हणा कुजबुजला. "लोक इंजिन बघतात हो."

कोपऱ्यात एक साधी, निळी गाडी उभी होती. तिथे मास्तर उकिडवे बसले ते उठेचनात. विक्रेता धावत आला. "साहेब, छान आहे ही, चाकं मोठी, खराब रस्त्याला एक नंबर. फक्त हिला टाचेचा गिअर येत नाही, पुढचाच आहे. पण काळजी करू नका, मी बसवून देतो."

"बसवलात तर घेणार नाही," मास्तर म्हणाले.

विक्रेत्याने सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "ऐका त्यांचं. आणि जवळपास बुटांचं दुकान कुठे आहे?"

पुढची सगळी तालीम संध्याकाळी-संध्याकाळी मैदानावर. बूट इतके जड होते की पहिले दोन दिवस मास्तर पाणबुड्यासारखे चालत. पण सिस्टरांचं म्हणणं खरं ठरलं. बुटाची नाडी आवळली की पाय जणू विचारायचे, आता काय करायचं म्हणता? डावी टाच सवयीने खाली गेली तरी खाली काहीच नव्हतं, हवाच दाबली जायची. उजवा चवडा आधी चाचरला, मग शिकला. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने आठचा आकडा काढायला लावला. तो मास्तरांनी खडूने आखल्यासारखा काढला, आणि रेघेवर थांबलेही. परवाना मिळाला. मेव्हण्याने मोठ्या मनाने कबूल केलं की रिक्षावाला नको.

पण मैदान वेगळं आणि मागे बायको वेगळी. पहिल्या तारखेला सकाळी सिस्टर मागे बसल्या, डावा हात मास्तरांच्या खांद्यावर, उजवा मांडीवर जपून. निघाल्यापासून त्यांचं सुरू. "खड्डा. दगड. जरा डावीकडे. एवढं डावीकडे नव्हे. हॉर्न द्या. उगाच कशाला देता हॉर्न." आयुष्यभर पुढे बसलेलं माणूस मागे बसलं की असंच होतं. मास्तर "हं" म्हणत होते. कपाळावरचा घाम हेल्मेटमध्ये झिरपत होता.

चराचा रस्ता आला. चढ. एका बाजूला मातीचा ढीग, दुसऱ्या बाजूला तोच चर, आणि मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. निम्म्या चढावर एका फाटकातून पाण्याचा टँकर मागे मागे सरकत बाहेर आला. त्याचा चालक भलतीकडेच बघत होता.

सिस्टरांची खांद्यावरची बोटं रुतली.

गाडी थांबली.

चढावर, चराच्या कडेपासून हातभर अंतरावर ती सरळ उभी राहिली. इंजिन चालू, डावा पाय जमिनीवर, उजवा चवडा ब्रेकवर असा घट्ट की बुटाच्या आत बोटं दुखायला लागली. टँकरवाल्याला उशिरा दिसलं. त्याने हात वर केला, गाडी पुढे घेतली, वाट मोकळी झाली.

मास्तरांना पुढे जायचं सुचेना. मागून सिस्टर हळूच म्हणाल्या, "चला. ड्युटी आहे माझी." आणि खांद्यावरची बोटं सैल झाली. हॉस्पिटलच्या दारापर्यंत मग त्यांनी एकही सूचना केली नाही. एक खड्डा मास्तरांनी चांगला मोठा चुकवला, त्याचीही दखल घेतली नाही.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. सिस्टरांनी हेल्मेट काढून मास्तरांच्या हातात दिलं आणि केस नीट केले. "चारला या," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत दुसऱ्या कुणाला मागे बसवू नका."

"मला कोण विचारतंय."

"आता विचारतील," असं म्हणून त्या पायऱ्या चढून गेल्याही. आतून कुणीतरी बाई ओरडत होती, आणि सिस्टरांच्या चालण्यात ती जुनी घाई होती. मागे वळून बघायला त्यांना वेळ नव्हता.

मास्तरांनी गाडी झाडाखाली लावली. कारखान्याला अजून वेळ होता. त्यांना एकदम भूक लागली, कित्येक दिवसांत लागली नव्हती तशी. ते हॉस्पिटलच्या कट्ट्यावर बसले आणि दुपारचा सगळा डबा त्यांनी सकाळीच खाऊन टाकला.