सुई गरम पडते

मी एलएमपी, म्हणजे परवान्यावरची डॉक्टर. एमबीबीएस नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी इथंच मुरडून घ्यावं. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. धामणगाव बढेला माझा दवाखाना होता आणि आसपासच्या गावांत दुसरी डॉक्टरीण नव्हती. लोक मला नुसतं 'बाई' म्हणत.

एका दुपारी रोहिणखेडचा एक कल्हईवाला आपल्या बायकोला घेऊन आला. निखाऱ्यावर पाय पडून तिचा तळवा चांगलाच पिकला होता. मी पेनिसिलिन भरलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, आधी कधी रिअॅक्शन आली होती का? तिनं मान हलवून नाही म्हटलं. मी दंडाला स्पिरिट लावलं तेव्हा मात्र ती हळूच म्हणाली, "बाई, मले सुई गरम पडते."

आता आमच्या वऱ्हाडात सगळ्यांना सगळंच गरम पडतं. गूळ गरम, पपई गरम, गोळी गरम. दिवसभर मी हेच ऐकायची आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं, वरून दूध प्या. तिलाही तेच सांगितलं आणि सुई टोचून मोकळी झाले.

ती उंबऱ्यापर्यंत पोचली आणि तिथंच बसली. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घशात अडकायला लागला. मी तिला तिथंच आडवं केलं आणि अॅड्रिनॅलिन दिलं. नाडी हाताला लागेना. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, पण माझा जीव टांगणीला लागला होता हे खरं. शेवटी तिनं डोळे उघडले. तिचा नवरा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. आवाज न चढवता तो म्हणाला, "तिनं तुमाले सांगतलं होतं ना, बाई."

त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मी झेलल्या असत्या. हे एक वाक्य मात्र अजून टोचतं.

ती उठून बसल्यावर मी, जे आधी विचारायला हवं होतं, ते विचारलं. गरम पडते म्हणजे नक्की काय होते? तिनं सगळं सांगितलं. गेल्या वर्षी मलकापूरच्या बाजारात गळवासाठी सुई घेतली, अंगावर गांधी उठल्या, गळा आवळल्यासारखा झाला, झाडाखाली पडून राहिली. याहून स्पष्ट रिअॅक्शन कुठल्या पुस्तकात लिहिलेली नसेल. फक्त 'रिअॅक्शन' हा शब्द तिचा नव्हता आणि 'गरम पडते' हा शब्द मी हसण्यावारी नेला होता.

मग मला दुसरीच धास्ती लागली. ही नवराबायको बाजार करत फिरणारी. आज मोताळा, उद्या चिखली. ताप आला की जो दवाखाना समोर दिसेल त्यात जाणार. तो डॉक्टर विचारणार, रिअॅक्शन? ही म्हणणार, नाही. आणि पुढची सुई आजच्याहून वाईट. मी तिला चिठ्ठी लिहून दिली, पण कोळशाच्या पोत्याशेजारी चिठ्ठी किती दिवस टिकणार? म्हणून तिला बजावलं, गरम पडते हे सांगितल्याशिवाय सुई घ्यायची नाही, डॉक्टरनं ऐकलं नाही तर हात द्यायचा नाही. ती हो म्हणाली. पण डॉक्टरसमोर कल्हईवाल्याच्या बायकोचं तोंड उघडेल यावर माझा विश्वास नव्हता. सांगायला हवं होतं ते डॉक्टरांना.

महिन्याभरात बुलढाण्याला डॉक्टर मंडळींसाठी एक दिवसाचा रिफ्रेशर कोर्स निघाला. अध्यक्ष होते चिखलीकडचे एक बडे सर्जन. मोठ्या शहरातून आलेले पाहुणे इंग्रजीत बोलले. खोटं कशाला सांगू, त्यांचं बोलणं चांगलं होतं. पेनिसिलिनबद्दल नवीन काय काय कळलं आहे, रिअॅक्शन कुणाला येते, एकदा येऊन गेलेल्याला पुन्हा देणं किती धोक्याचं, सगळं मी वहीत उतरवून घेतलं. शेवटी ते म्हणाले की खेड्यातला पेशंट मागचं काही सांगू शकत नाही, त्याच्या सांगण्यावर विसंबू नका.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले आणि मराठीत बोलले, तेही माझ्या वऱ्हाडी मराठीत. एक बाई माझ्या हातून मरता मरता वाचली, हे सगळ्यांसमोर कबूल केलं. म्हटलं, ती सांगत होती, मीच बहिरी होते. आपल्या लोकांना विचारा, सुई गरम पडते काय? हो म्हणाले तर पुढं विचारा, म्हणजे काय होते? पोटात आग होते म्हणाले तर खुशाल द्या. गांधी उठतात, गळा आवळतो म्हणाले तर सुई खाली ठेवा.

सभेत खसखस पिकली. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "बाई, ही डॉक्टरांची सभा आहे. आजीबाईचा बटवा घरी ठेवून येत जा." शेजारच्या गृहस्थांनी मला बसायची खूण केली. मी बसले नाही.

"हसा," मी म्हटलं, "पण ती बाई उद्या तुमच्या टेबलावर आली, तर तेवढ्यापुरतं हसू आवरा."

परतीच्या एसटीत मला स्वतःचाच राग आला. तोंडसुख घेतलं, पण त्यानं तिचा जीव वाचणार होता थोडाच.

दिवाळीच्या तोंडावर, कल्हईवाल्यांच्या धांदलीच्या दिवसांत, अध्यक्षांचं टाईप केलेलं इंग्रजी पत्र आलं. तुमची एक पेशंट छातीत कफ आणि जोराचा ताप घेऊन माझ्याकडे आली. मी स्वतः पेनिसिलिन द्यायला गेलो तर तिनं भरल्या दवाखान्यात माझा हात झटकला. तिचं म्हणणं, धामणगावच्या बाईंनी बजावलंय, आधी तिला विचारायचं, आणि तेही तिच्या भाषेत. नाइलाजानं सल्फाच्या गोळ्यांवर भागवावं लागलं. ताप उतरल्यावर ती पायी निघून गेली. तुम्ही पेशंटना डॉक्टरांविरुद्ध फितवता, ही तक्रार मी पुढच्या सभेत मांडणार आहे.

मी ते पत्र दोनदा वाचलं. हात झटकला म्हणजे हातात जोर होता. पायी गेली म्हणजे चालत होती. त्या शहाण्या माणसानं रागाच्या भरात मला तिच्या जिवंतपणाचा दाखला पाठवला होता. मी दवाखान्यातल्या पेशंटांसमोर बसून रडले, आणि लाज वाटली नाही. जे मला सभेत जमलं नव्हतं ते तिनं एका झटक्यात केलं होतं.

मग डोळे पुसले आणि मराठीतच उत्तर लिहिलं. पेशंट सुखरूप असल्याचं कळवलंत, उपकार झाले. माझ्याविरुद्धची तक्रार जरूर मांडा. त्या सभेला मी येईन आणि तिलाही आणीन. ती सांगेल, तुम्ही लिहून घ्या.

आणि रोहिणखेडला निरोप धाडून मी तिला खरंच नेलं. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं, आणि तिचं बोलून होईपर्यंत एकाही डॉक्टरला चहासाठी उठू दिलं नाही.